बोलोन्याचा खारट भोपळा

तुम्ही दोघींनी पाठवलेला फोटो पोचला. आजोबांच्या पंचाहत्तरीला तो मोठा करून भिंतीवर लावायचा आणि या ऑक्टोबरात आपण सगळ्यांनी पुन्हा इटलीत बोलोन्याला जायचं, त्याच बाईंच्या स्वयंपाकाच्या वर्गाला, तोच भोपळा करायला, असं तुमचं ठरलं आहे. तुमच्या बाबांनी फोनवर मला विचारलं, "आई, मी काय सांगू त्यांना?" मी म्हटलं, तू काही सांगू नकोस, मी लिहिते.

लिहिते ते मराठीत लिहिते. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र इंग्रजीतून शिकवलं, आणि तुम्हालाही इंग्रजीच सोपं जातं, हे मला माहीत आहे. पण जे सांगायचं आहे ते आमच्या स्वयंपाकघरात मराठीतच घडलं. बाबा वाचून दाखवतील. मध्येच कुठे थांबले तर त्यांना थांबू द्या, पुढचं लगेच मागू नका.

फोटोत आजोबा लांब लाकडी टेबलाशी बसले आहेत. गळ्यात पांढरा एप्रन, हातातला काटा वर धरलेला, गाल भरलेले, डोळे अर्धे मिटलेले. तुम्ही खाली लिहिलं आहे, सगळ्यात आनंदी आजोबा. त्या फोटोबद्दलच सांगायचं आहे. पण त्याआधी वाटीबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या घरात स्वयंपाक करणारी बाई चुलीवरचं चाखत नाही. पुष्कळ घरांत देवाला नैवेद्य दाखवायचा असतो म्हणून चाखत नाहीत. आमच्याकडे कारण वेगळं होतं. आजोबांचे वडील विणकर होते. नागपूरजवळ उमरेडच्या घरात ओसरीवर हातमाग होता, मागाखाली खड्डा, आणि त्या खड्ड्यात पाय सोडून ते सकाळपासून बसलेले असत. हात धोट्यावर, नजर सुतावर. रस्सा उकळला की माझ्या सासूबाई छोट्या वाटीत थोडा काढून घेत, फुंकून गार करत आणि मागाजवळ जाऊन दोन थेंब त्यांच्या जिभेवर सोडत. माग थांबायचा नाही. ते "जमलं" म्हणत, किंवा नुसतं "मीठ" म्हणत. सासूबाई परत येऊन तसं करत आणि मगच भांडं खाली उतरवत.

मी लग्न होऊन आले तोवर माग मोडला होता. आजोबा त्या घरातले पहिले इंजिनिअर, सरकारी नोकरीत, आणि आम्ही राहायचो नागपूरला, प्रताप नगरात. पण वाटी सासूबाईंबरोबर उमरेडहून आली होती. मी रामदासपेठेतल्या अशा घरातून आलेली, जिथे स्वयंपाकाला बाई होत्या आणि जेवताना बोलायचं ते इंग्रजीत. पहिल्याच आठवड्यात मी चमच्याने आमटी चाखत होते तेव्हा सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय करून राहिली वं?"

"मीठ पाहते आहे."

"तुया जिभेनं त्याचं पोट भरन का? ने वाटी त्याच्याकडं."

आजोबा पेपर वाचत होते. मी वाटी पुढे केली. त्यांनी बोट बुडवलं, चाटलं, आणि पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तिखट कुठं गेलं? रामदासपेठेतच राहिलं का?"

मला राग आला. पण मी नीटनेटकी बाई आहे. एकदा एक पद्धत लागली की मोडत नाही. मीठ, हळद, तिखट मी प्रयोगशाळेत मोजतात तसं मोजून घालू लागले, आणि प्रत्येक वेळी शेवटी वाटी. "जमलं" म्हणाले की झाकण. "अळणी" म्हणाले की अजून थोडं. सासूबाई गेल्या, तुमचे बाबा मोठे झाले, परदेशी गेले, तुम्ही झालात. वाटी चालूच होती. मी केलेलं अन्न मी पहिल्यांदा खायची ते पानावर बसल्यावरच.

आजोबांची जीभ म्हणजे काय होती हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्हाला समजायला लागलं तेव्हा ते आजारी पडले होते. सांबारवडीच्या, म्हणजे कोथिंबीर भरून तळलेल्या वडीच्या, सारणात खसखस कमी भाजली असेल तर ते ओळखत. सावजी मटण खाताना त्यांच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायचं, कपाळ लाल व्हायचं आणि ते म्हणायचे, "आता कुठं जेवून राहिलो." गांधीबागेत कापड घ्यायला गेले की येताना ठरावीक ठिकाणी खायला थांबायचे, आणि घरी आल्यावर माझ्या जेवणालाही पूर्ण न्याय द्यायचे. पाहुण्यांना जेवताना पाहणंसुद्धा त्यांना जेवण्याइतकं आवडायचं. दुसऱ्याच्या पानाकडे लक्ष ठेवून बसायचे.

आणि खर्रा. तो तुम्ही पाहिलेला नाही, ते बरं आहे. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घासून घासून करतात. आमच्याकडे चौकाचौकात मिळतो. तरुणपणापासून तो त्यांच्या डाव्या गालात असायचा. मी बोलले, तुमचे बाबा रडून बोलले. ते म्हणायचे, "सोडून राहिलो नं, हळूहळू." मग गालात आतून एक फोड आला आणि तो बरा होईना.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. माझं माहेर तिथून दोन गल्ल्यांवर होतं. लहानपणी ज्या रस्त्याने शाळेत जायची त्याच रस्त्याने आता रोज त्यांना रेडिएशनला नेत होते. तिसऱ्या आठवड्यात चव गेली. आधी गोड गेलं, मग एकेक करत सगळंच. लाळ सुकली. घास घशाखाली उतरवायला प्रत्येक वेळी पाण्याचा घोट लागायचा. म्हणूनच तुम्हाला ते कायम बाटलीसकट आठवतात. तिखटाची चव लागत नव्हती, पण आग लागायची. कॅन्सर गेला असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. आजोबांनीही एक पेढा खाल्ला, आणि तो चावत बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

डॉक्टर म्हणाले होते, "चव येईल. बहुतेकांची वर्षभरात येते."

"आणि नाही आली तर?" मी विचारलं.

डॉक्टर चिठ्ठी लिहू लागले.

हे मी यासाठी सांगते की त्या वर्षात आम्ही कशाची वाट पाहत होतो ते तुम्हाला कळावं. चव गेली तशी त्यांची भूक गेली. जेवायची वेळ झाली की त्यांचा चेहरा परीक्षेला बसायच्या मुलासारखा व्हायचा. ते औषध घेतात तसं अन्न घेत. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागले. डॉक्टर दर वेळी वजनकाट्याकडे बोट दाखवत आणि म्हणत, असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आजोबा म्हणाले, नळी नको. ते एवढंच म्हणाले, पण असं म्हणाले की मला कळलं, नळीची वेळ आली तर ते तीही घालू देणार नाहीत. म्हणजे चव परत येणं ही जेवणाच्या शौकाची गोष्ट उरली नव्हती. ती आली तर ते खातील आणि जगतील. नाही आली तर नाही.

त्या काळातही मी वाटी नेत होते. ते बोट बुडवत, चाटत, "जमलं" म्हणत. मोजून घातलेलं असल्यामुळे ते बहुतेक जमलेलंच असायचं. त्यामुळे त्यांच्या "जमलं"चा अर्थ काय, हे मला कळायला काही मार्गच नव्हता.

मग वर्ष संपत आलेलं असताना एका सकाळी त्यांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आज साखर जास्त पडली वं."

मी साखरेच्या डब्याकडे पाहिलं. खरंच जास्त पडली होती. फोन हातातच होता. त्यांनी दुसरा घोट घ्यायच्या आत मी तुमच्या बाबांना सांगून टाकलं होतं.

बोलोन्याची सहल त्या एका वाक्यातून निघाली. तुमचे बाबा त्याच दिवशी कामाला लागले. "आई, जीभ जागी होते आहे ना, तर तिला काम देऊ. तिथे सगळं मऊ असतं, तिखट काही नाही. ते शहर खाण्यासाठीच आहे. ऑक्टोबरात नवे मशरूम येतात, भोपळा येतो. बाबांना एकेक खायला घालू." इतक्या वर्षांत तो इतका उत्साहाने बोललेला मी ऐकला नव्हता. आजोबा माझ्या खांद्यावरून फोनकडे पाहत होते. म्हणाले, "जाऊ नं. पोरींले भेटणं होईल."

तुम्ही इंग्लंडहून आलात, आम्ही नागपूरहून दोहामार्गे. तुम्हाला ते शहर मला सांगायला नको. लाल विटा, रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना कमानींची छतं, इतकी की पाऊस आला तरी कोणी छत्री उघडत नव्हतं. दुकानांच्या दारांत टांगलेलं मांस, चाकाएवढ्या चीजच्या चकत्या, टोपल्यांत माती लागलेले मशरूम. गल्लीत शिरलं की वासानेच पोट भरावं. आजोबा त्या कमानींखालून सावकाश चालत, खांबाला हात लावून थांबत, वर पाहत. "कोणत्या काळी बांधलं असन, पण लेव्हल पाय," असं म्हणत. इंजिनिअर होते ना.

पहिल्या संध्याकाळी तुमच्या बाबांनी त्यांच्यासाठी रुंद पट्ट्यांचा पास्ता मागवला, मशरूमचा. आजोबांनी घास घेतला. आपण सगळे त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी घास फिरवला, वर पाणी घेतलं, तुमच्या बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा!" बाबांनी टेबलावर थाप मारली. वेटर धावत आला. दुसऱ्या दिवशी चीजला "वा". तिसऱ्या दिवशी गरम सूपला "वा, वा". प्रत्येक वेळी आधी बाबांच्या तोंडाकडे नजर आणि मग "वा". मला ते दिसत होतं, पण आनंदाने पाहतात असं मला वाटलं.

मग तो वर्ग. वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर, बाह्या दुमडलेल्या त्या जाड्या बाई, तुकड्या-तुकड्यांचं त्यांचं इंग्रजी. करायच्या होत्या भोपळा भरलेल्या पास्त्याच्या पुड्या. मी तुम्हाला म्हटलं होतं, ही आपल्या सांबारवडीची लांबची बहीण, आणि धाकटीने विचारलं होतं, "मग ही लग्नाला का नाही आली?"

भाजून कुस्करलेला भोपळा वाडग्यात आला. बाई म्हणाल्या की यात मीठ आहे, चीजमध्येही आहे, तेव्हा आधी चाखा आणि लागलं तरच घाला. हे मी नीट ऐकलं नाही, कारण मी छापील कृती वाचत होते. कृतीत अर्धा चमचा लिहिलं होतं. मी अर्धा चमचा मोजून घातलं. तुमच्या बाबांनी घातलं, माझं घालून झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. तुम्ही दोघींनी चिमटीने घातलं, मग पुन्हा घातलं, कारण ते मीठ खड्याचं होतं आणि तुम्हाला ते चमकताना पाहायला आवडत होतं. कोणाची चूक नाही. लग्नघरात असंच होतं.

मग बाईंनी माझ्यापुढे स्वच्छ चमचा धरला. "चाखा."

मी चमच्यावर सारण घेतलं. माझा हात माझ्या तोंडाकडे गेला नाही. तो आपोआप डावीकडे गेला, जिथे आजोबा बसले होते. मी त्यावर विचारसुद्धा केला नाही. बाईंनी दोन्ही हात छातीवर ठेवले. त्यांना वाटलं काय हे म्हाताऱ्या जोडप्याचं प्रेम! आजोबांनी चमचा तोंडात घेतला, जीभ फिरवली, भुवई उंच केली.

"जमलं," ते म्हणाले. आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच, "आता कोणी काही टाकू नका."

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"परफेक्ट," तुमचे बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा कसा झाला होता! चाळीस वर्षांचा माणूस, बक्षीस मिळालेल्या मुलासारखा.

पुढचं तुम्हाला आठवतं, पण तुम्हाला ते गंमत म्हणून आठवतं. पुड्या शिजल्या, वर लोणी पडलं. आपण सगळे एकदम खायला बसलो. धाकटीने पहिला घास नॅपकिनमध्ये काढला आणि ओरडली, "ईऽऽ, समुद्र!" बाबांनी कसाबसा गिळला आणि ग्लास उचलला. बाईंनी एक तुकडा खाल्ला, काटा हळूच खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी माझा घास तोंडात घेतला. तो जिभेवर ठेवणं शक्य नव्हतं.

आजोबा खात होते. एक झाली, दुसरी झाली. "वा," ते म्हणाले. "हे खरं जेवण." कोरड्या तोंडाला ते मीठ झोंबत असणार. ते पाणी पीत होते आणि पुढची पुडी काट्यावर घेत होते. मोठीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला इतकं खारट आवडतं?"

त्यांचा काटा क्षणभर हवेत थांबला.

"मंग!" ते म्हणाले. "आम्ही सावजीवाले. आमचं पोट काय असंतसं आहे काय?"

तुम्ही दोघी खिदळलात. मोठीने फोन उचलला आणि फोटो काढला. हाच तो फोटो.

तुम्हाला वाटतं त्यांचे डोळे चवीने मिटले आहेत. फोटो मोठा करून पाहा. ते मिटलेले नाहीत. ते पापण्यांखालून त्यांच्या उजवीकडे पाहत आहेत, जिथे मी आहे, फोटोच्या बाहेर. काय झालं आहे ते त्यांना माझ्या तोंडावरून वाचायचं होतं, कारण त्यांना ते दुसऱ्या कशावरून कळणार नव्हतं.

दुपारी तुमची आई तुम्हाला आइस्क्रीमला घेऊन गेली. आम्ही तिघे कमानीखालच्या एका दगडी पायरीवर बसलो. तुमच्या बाबांनी पाण्याची बाटली आजोबांच्या हातात दिली. मग म्हणाले, "बाबा, चव आलेलीच नाही ना?"

"येऊन राहिली नं. हळूहळू."

खर्रा सोडायच्या वेळचंच ते वाक्य होतं. बाबांनी ते ओळखलं, मीही ओळखलं, आणि आजोबांच्याही लक्षात आलं. त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"नाही आली गा."

"मग तो चहा? साखर जास्त पडली म्हणालात ना? आईने सांगितलं."

"ते खरं होतं. तुह्या आईची शपथ." त्यांनी जिभेच्या कडेला बोट लावून दाखवलं. "इथं. इतकंसं. गोड लागलं. दुसऱ्या घोटाले गेलं. मी कप तसाच धरून बसलो, आता येईन, मंग येईन. पार गार झाला."

"सांगायचं ना मग!"

"काहून सांगू? तोपर्यंत तुही आई फोनवर रडून राहिली होती. संध्याकाळी तू तिकिटं काढली." मग ते त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाले, "आणि तसंही, प्रताप नगरात काय अन् इथं काय. मले सगळीकडे पुठ्ठाच. पण मानलं पाहिजे, ओला पुठ्ठा शिजवावा तर या लोकांनी."

तुमचे बाबा हसले. मोठ्याने हसले, आणि तसंच हसता हसता त्यांनी तोंड दोन्ही हातांत झाकलं. माणसं येत-जात होती, कोणी आमच्याकडे पाहिलं नाही. मी दोघांच्या मध्ये बसले होते. 

पुढच्या दिवसांची जेवणं आधीच ठरलेली होती. आपण सगळीकडे गेलो. तुम्हाला आठवत असेल, आजोबा आता "वा" म्हणत नव्हते, ते तुम्हाला विचारत होते, "सांग वं, कसं लागते?" मोठी म्हणायची, बदामासारखं. धाकटी म्हणायची, आजीच्या गोधडीसारखं. ते हसायचे आणि त्यांच्या घासाला तेच नाव द्यायचे. तुम्हाला तो खेळ वाटला. दोन दिवस तो चालला. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. कोपऱ्यावर एक माणूस भाजलेले चेस्टनट विकत होता. बाबांनी कागदाच्या पुडीत घेऊन त्यांना दिले. त्यांनी ती पुडी दोन्ही हातांत धरली, हात शेकले, आणि गार झाल्यावर माझ्याकडे दिली.

आम्ही परत आलो. वर्ष उलटून गेलं. डॉक्टर आता चवीबद्दल बोलत नाहीत, फक्त वजनाबद्दल बोलतात. गेल्या दिवाळीला आजोबांनी चिवड्याचा वास येतो का म्हणून डबा नाकाशी नेला आणि झाकण लावून परत ठेवला. ते दिवसातून तीनदा पानावर बसतात, कारण मी वाढते. मी वाढते, कारण काय करू? मऊ भात, वरण, खिमट, दुधातला शिरा. घास पाण्याबरोबर जातो. दर महिन्याला कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पडतं. ते स्वतः पाडतात, खिळा तापवून, अगदी सरळ रेषेत.

तुमच्या आईने मागे मला सांबारवडीची कृती मागितली, तुम्हाला माझ्या हाताची चव कळावी म्हणून. मी मापं लिहून पाठवली. मापं बरोबर आहेत. पण मी जे करत होते ते त्यांच्या जिभेने बेतलेलं होतं, आणि ती आता नाही. मी सगळं मोजून घालते आणि मला माहीत नसतं हे कशासारखं व्हायला हवं.

परत आल्यावर एकदा मी वाटी नेली नाही. नेऊन काय करायचं होतं? पानं घेतली आणि हाक मारली. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वाटी कुठं आहे?"

"कशाला हवी?"

"कशाला म्हणजे?" ते म्हणाले. "अजून आहो नं मी घरात."

तेव्हापासून वाटी पुन्हा रोज जाते. ते बोट बुडवतात, चाटतात, "जमलं" म्हणतात. मी "बरं" म्हणते आणि झाकण ठेवते.

तेव्हा तो फोटो लावू नका. दुसरा कोणताही लावा. खांबाला हात लावून वर पाहताना काढलेला एक आहे, तो चांगला आहे. आणि ऑक्टोबरचं त्यांना फोनवर विचारू नका. तुम्ही विचारलंत तर ते हो म्हणतील. तुमच्यासाठी येतीलसुद्धा, आणि त्या टेबलाशी बसून पुन्हा तो काटा वर धरतील.

गेल्या आठवड्यातलं एक सांगते आणि थांबते. मी वरण केलं होतं. वाटी नेली. ते खुर्चीत होते, गुडघ्यावर पेपर. बोट बुडवलं, चाटलं. मग पुन्हा चाटलं. मी वाटी परत घ्यायला हात पुढे केला होता तेवढ्यात ते म्हणाले, "मीठ कमी आहे वं."

मी स्वयंपाकघरात कशी आले मला आठवत नाही. फोन ओट्यावर होता. मी त्याला हात लावला नाही. पळीने वरण घेतलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुलीवरचं स्वतःच्या तोंडात घातलं. सावकाश जिभेवर फिरवलं. मीठ बरोबर होतं. मी पुन्हा घेतलं, पातेल्याच्या तळाचं. बरोबरच होतं.

बाहेरून आवाज आला, "टाकलं का?"

"टाकते."

मी मिठाचा डबा उघडला आणि अर्धा चमचा घातला. त्यांना ऐकू जाईल असा चमचा पातेल्याच्या काठावर वाजवला. मग दुसऱ्यांदा वाटी भरून बाहेर नेली. त्यांनी चाटून पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आता जमलं," ते म्हणाले.

आम्ही पानं घेतली. ते खारट वरण आम्ही दोघांनी भातावर घेतलं. त्यांनी त्या दिवशी पुन्हा एक डाव मागून घेतला, आणि मी वाढला. मी माझं पान पूर्ण संपवलं.